तळहातावरचं ढेकूळ

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा शेताला कागद नव्हता, नुसता बांध होता. लहान असाल तर पुढं सरकून बसा. मोठे असाल तर "हे आम्हाला ठाऊक आहे" असं तोंड करून बसू नका. ठाऊक असतं तर सांगायची वेळ आली नसती.

डोंगरांच्या बेचक्यात एक लहानसा मुलूख होता. राजा लांब, बाजार लांब, नदी मात्र दारात. नदीला गावाने दगडांचा बंधारा घातलेला. बंधाऱ्यातून एक पाट निघायचा आणि साऱ्या शेतांच्या कडेने वाहत पार शेवटच्या शेतापर्यंत जायचा. त्या पाटावरच्या सगळ्या शेतांना मिळून फड म्हणत. फडाचा कारभार एकत्र. दसरा झाला की घरटी एक माणूस कुदळ-पाटी घेऊन यायचा, पाटातला गाळ काढायचा, मग पाणी सुटायचं आणि पेरणीला हात लागायचा. एकाने गाळ काढला नाही तर त्याच्या खालच्याचं शेत कोरडं. म्हणून कोणी अंग चोरत नसे. चोरलंच तर खालच्या शेतातली बाई दारात येऊन काय बोलेल, हे प्रत्येकाला माहीत होतं.

शेत विकायची वेळ क्वचित यायची. एक बैलजोडी द्यावी आणि एक शेत घ्यावं, असा भाव आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला. विकणारा आपल्या शेतातलं ढेकूळ तळहातावर धरायचा. घेणाऱ्याने ते उचललं की व्यवहार झाला.

आणि एक नेम होता. तो मोडायची छाती राजालाही झाली नसती. उभ्या पिकाची जमीन विकायची नाही. पीक उभं आहे तोवर शेत म्हणजे पोटुशी बाई. पोटुशी बाईला कोणी घराबाहेर काढतं का? आधी बाळंत होऊ द्या, मग बोला. आणि पीक कापायचं ते ज्याने पेरलं त्यानेच. दुसऱ्याने विळा लावला तर सात पिढ्यांचं पाप.

हे नेम ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहेत.

एका वर्षी भाद्रपद सरत आला होता. बाजरी निघून शेतं मोकळी झाली होती. रस्त्याने एक परका माणूस घोड्यावरून आला. डोक्याला भरजरी फेटा, खांद्यावर शेला. फडाच्या मधोमध पाटलाचं शेत होतं, साऱ्या फडात काळंभोर. तिथं तो उतरला. वाकून मूठभर माती घेतली. हुंगली. चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून उभा राहिला. मग ती माती शेल्याच्या पदरात बांधली, गाठ कपाळाला लावली आणि घोड्यावर बसला.

पाटील बांधावरच होता. त्याने हाक मारून विचारलं, कोण तुम्ही, कुठले, माती कशाला नेता. त्या माणसाने ओठावर बोट ठेवलं, हात जोडले आणि टाच मारली.

एवढंच झालं. यापेक्षा तिळभर जास्त काही झालं नाही. पण पाटील घरी पोचेपर्यंत त्या मुठीची टोपली झाली आणि चावडीवर पोचेपर्यंत टोपलीची गाडी झाली. फेटेवाला राजाचाच माणूस असणार. मातीत काहीतरी आहे. ओठावर बोट ठेवलं, म्हणजे गोष्ट गुपित आहे. गुपित आहे, म्हणजे मोलाची आहे. कोणी म्हणालं, राजा इथं नवी राजधानी वसवतोय. कोणी म्हणालं, मातीखाली सोनं आहे. गावचा न्हावी म्हणाला, राणीच्या अंगाला लावायला नेली असेल. तेही लोकांना पटलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाहून एकजण आला आणि एका शेताला दोन बैलजोड्या देतो म्हणाला. दुपारी दुसरा आला, चार देतो म्हणाला. आठवड्याच्या बाजाराला बैल मागे पडले आणि सोन्याच्या पाटल्यांची भाषा सुरू झाली. ज्याच्या बायकोने जन्मात कधी सोनं पाहिलं नव्हतं, तोसुद्धा म्हणू लागला, पाटल्यांत परवडत नाही, गोठ-तोडे बोला.

आणि विकलं किती जणांनी? एकानेही नाही. आज विकावं तर उद्या भाव चढेल. उद्या विकावं तर परवा. प्रत्येकाच्या मुठीत ढेकूळ होतं आणि मूठ कोणी उघडत नव्हतं.

तेव्हापासून गावाला चैन म्हणून उरलं नाही. जेवताना घास हातात तसाच राहायचा, कारण रस्त्यावर टापा वाजल्यासारख्या वाटायच्या. माणसं ओट्यावर बसायची, उठायची, वेशीपर्यंत जाऊन परत यायची. रामराम करणं बंद झालं. भेटला की पहिला शब्द, आज काय भाव. भाऊ भावाच्या बांधावर वीत टाकून मोजू लागला. बांधावरच्या बोरी-बाभळी तोडल्या, कारण मुळाखालची जागाही मोजणीत येते. पाखरं गेली. गुरांना सावली उरली नाही. ती सावली पाखरांसाठी नव्हतीच, आमच्याच बैलांसाठी होती, हे म्हणायला कोणाला फुरसत नव्हती.

दसरा आला. पाटील चावडीवर उभा राहिला आणि त्याने गावाला शहाणपण शिकवलं. यंदा कोणी पेरायचं नाही. गिऱ्हाईक कोणत्याही घडीला येईल. शेतात पीक उभं असलं तर नेम आडवा येईल आणि कापणी होईपर्यंत हात चोळत बसावं लागेल. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या मुलखात गेलं तर? शेतं मोकळी ठेवा. झाडून-पुसून ठेवा. लेक दाखवायला काढतात तशी ठेवा.

सगळ्यांनी माना डोलावल्या. पेरायचं नाही तर पाटाचा गाळ कशाला काढायचा? कुदळी माळ्यावर गेल्या. बैलांना नुसतं बसून कडबा कोण घालणार? बैल मिळेल त्या भावाला बाजारात गेले. एका शेताला सोन्याचे तोडे मागणारी माणसं बैल मात्र मिठाच्या गोणीवर देऊन आली.

फडाच्या अगदी शेपटाला एक शेत होतं. ते धुरपताचं आणि तिच्या नवऱ्याचं, निंबाजीचं. शेत लहान. पण धुरपताकडे एक ठेव होती. लग्नात तिच्या आईने ओटीत खपली गव्हाचं बी घातलं होतं. लालसर दाणा, टरफलासकट पेरायचा. पाणी मिळालं तर ओंब्यांनी शेत वाकायचं. दरसाल ती पेरायची, दरसाल पुढच्या सालाचं बी कणगीत राख आणि लिंबाचा पाला घालून ठेवायची. आई कधीच गेली होती. तिच्या माघारी तेवढं बी उरलं होतं. आणि बी म्हणजे काही दागिना नाही, की पेटीत ठेवलं तर टिकेल. एक साल जमिनीत गेलं नाही की ते मरतं.

निंबाजी माणूस वाईट नव्हता. पण तोही वेशीवर जाऊन उभा राहायचा. घरी येऊन म्हणायचा, आज अमक्याला पाटल्या लागल्या, उद्या आपल्याला लागतील. धुरपता भाकरी थापत ऐकून घ्यायची.

एक दिवस तो म्हणाला, "अगं, कणगीतला गहू दळून टाकू. यंदा पेरायचं नाहीच."

धुरपता उठली आणि कणगीच्या झाकणावर जाऊन बसली.

"दळायचंच आसंल तर आधी मला जात्यात घाला," ती म्हणाली.

"गावात कोणी पेरत नाही. आपल्यालाच कसला किडा?"

"गावाला भूक लागायची बंद झालीया का?"

निंबाजीने सांगून पाहिलं, की एकदा शेत विकलं की पाहिजे तेवढा गहू विकत मिळेल. तिने विचारलं, सगळ्यांनी शेतं विकल्यावर गहू विकणारा कोण. तो रागावून बाहेर गेला. नवऱ्यांची ही जुनी वाट आहे.

दुसऱ्या दिवसापासून धुरपता कुदळ-पाटी घेऊन पाटावर उभी राहिली. बंधाऱ्यापासून तिच्या शेतापर्यंत साऱ्या गावाचा पाट, आणि त्यात साऱ्या गावाचा गाळ. ती एकटी उपसू लागली. लोक बांधावरून बघायचे आणि हसायचे. एकजण म्हणाला, वयनी, आमच्या शेताजवळचा गाळ जरा नीट काढा, गिऱ्हाईक येणार आहे. ती म्हणाली, गिऱ्हाईक येईल तेव्हा तुमचं तोंड पण धुऊन ठेवा. मग तो हसला नाही.

इकडे निंबाजीच्या गोठ्यात त्याचे दोन बैल उभे होते. गावात तेवढेच उरलेले. तेही विकायचे म्हणून तो दावं सोडायला गेला, तेव्हा थोरला बैल बोलला. तेव्हा बैल बोलत असत. आताही बोलत असतील, ऐकणारे उरले नाहीत.

बैल म्हणाला, "मालक, विकायचं तर विक. पण नुसता उभा ठेवू नको. उभ्या बैलाला माशा जास्त चावतात."

निंबाजी म्हणाला, "आणि माणसाला?"

"वेशीवर तू रोज उभाच असतोस. तुझं तुला माहीत," बैल म्हणाला आणि कडबा खाऊ लागला.

निंबाजीने दावं पुन्हा खुंट्याला बांधलं. माळ्यावरची कुदळ काढली आणि पाटावर गेला. धुरपताने वर पाहिलं नाही. नुसती भरलेली पाटी त्याच्या डोक्यावर दिली. दोघांनी मिळून पाट मोकळा केला, पाणी शेपटापर्यंत आणलं आणि खपली पेरली.

कार्तिक सरला तसं ते शेत हिरवं झालं. एवढ्या मोठ्या उघड्या-बोडक्या फडात ती एक हिरवी पट्टी. बघणाऱ्याला बरं वाटायला हवं होतं. पण गावाच्या डोळ्यात ती कुसळासारखी सलू लागली. मुलखातली सगळी पाखरं तिच्यावरच उतरायची, आणि धुरपता गोफण घेऊन दिवसभर फिरायची.

पाटलाला तर बसवेना. त्याने वरची माती एवढी मोलाची तर खाली काय असेल, असा विचार केला आणि आपल्या शेतात खणायला सुरुवात केली. आज एक खड्डा, उद्या त्याच्या शेजारी दुसरा. सोनं लागलं नाही. मुरूम लागला. पण माणूस एकदा खणायला लागला की थांबणं त्याला लाजेचं वाटतं. खणत खणत त्याने साऱ्या शेताचं पोट वर काढलं आणि काळी माती खाली गाडली. मग वरून लाकडी पाटा फिरवून सपाट केलं. लांबून शेत छान दिसायचं.

पौषात खरंच गिऱ्हाईक आलं. फेटेवाला नव्हे. लांबच्या पेठेतला एक व्यापारी, डोक्यावर छत्री धरायला एक माणूस, पाय चेपायला दुसरा. त्यानेही राजधानीची बातमी ऐकली होती. तो म्हणाला, मला तुकडे नकोत. बंधाऱ्यापासून शेपटापर्यंत अख्खा फड घेतो, आणि एका शेताला एक टोपली सोनं देतो.

एक टोपली. पाटलाने सगळ्यांत आधी ढेकूळ उचललं. त्याच्या मागोमाग सगळ्यांनी. तळहात पुढं झाले. मग कोणाची तरी नजर शेपटाकडे गेली, आणि एकेक तळहात खाली आला. तिथं पीक उभं होतं. फड अख्खा पाहिजे होता, आणि फडाच्या शेपटाला खपली ओंबीत येत होती.

सारं गाव धुरपताला चावडीवर घेऊन आलं. आधी गोड बोलले. हिरवं कापून टाक, गुरांना घाल, तुला दोन टोपल्या देऊ. धुरपताने ऐकून घेतलं. निंबाजीने खाली मान घातली. दोन टोपल्या ऐकूनही तो धुरपताच्या शेजारून हलला नाही.

धुरपता व्यापाऱ्याकडे वळली. तिने विचारलं, "सावकार, एवढी जमीन घेऊन तुम्ही पेरणार काय?"

व्यापारी हसला. "पेरायचं कशाला, बाई? भाव चढला की पुढच्याला विकीन."

"आन् त्यो पुढचा?"

"तो त्याच्या पुढच्याला विकील. जगाची रीत आहे."

"मंग शेवटी कोण? कुनी तरी शेवटचा आसंलच की. त्याला कोनी गिऱ्हाईक मिळनार न्हाई. त्याला पेरावंच लागंल."

व्यापारी म्हणाला, "असेल कोणीतरी. मला त्याच्याशी काय करायचंय?"

"ती शेवटची मीच हाय आसं समजा," धुरपता म्हणाली. "मी पेरलंय. आता कापणीपतोर माझ्या शेताकडं बोट करू नका."

मग पाटील बोलला, आणि त्याचा आवाज गोड नव्हता. "धुरपते, तुझ्या मूठभर गव्हापायी गावाच्या तोंडचा घास जातोय."

"पाटील, घास गव्हाचाच आस्तो," ती म्हणाली आणि चालू लागली.

व्यापारी हुशार होता. तो म्हणाला, ठीक आहे, पीक निघेपर्यंत मी इथंच तळ देतो. सोनं दाखवलं, पण दिलं नाही. गावाने त्याच्या माणसांना आपल्या घरचं खाऊ घातलं. बाजरी संपत आली, म्हणून बियाचं धान्यही दळलं. टोपलीभर सोनं येणार म्हटल्यावर बियाची काय पर्वा.

पण पीक निघेपर्यंत थांबायचं कोणाला होतं? पेरलं तिने, म्हणून विळा लावता येत नव्हता. पाणी तोडायला मात्र कोणता नेम आड येत नव्हता. पाटलाने आपल्या शेताजवळ पाटात दगड-माती घालून पाणी अडवलं आणि तिथं राखणीला माणूस बसवला. पीक आपोआप वाळेल, पाप कोणालाच लागणार नाही, असा हिशोब. हा हिशोब करताना एक गोष्ट ते विसरले होते. पाणी अडवलं की ते कुठंतरी साचतं. ते पाटलाच्याच मुरमात मुरत राहिलं, आणि तिथं गवताची काडीसुद्धा उगवली नाही.

धुरपताच्या शेतातली पानं पिवळी पडू लागली. ओंबी दुधात होती. हे दिवस गव्हाला तहानेचे. धुरपता आणि निंबाजी नदीवरून घागरी आणू लागले. डोक्यावर एक, कमरेवर एक. बैलांच्या पाठीवर पखाली. निंबाजीचे खांदे सोलवटले. गावातल्या बायकांनी तिच्याकडे विस्तव मागणं बंद केलं, संक्रांतीला तिला वाण दिलं नाही. ती म्हणाली, बरं झालं, तेवढाच वेळ वाचला. पण त्या दिवशी ती बायकांची वाट सोडून आडवाटेने पाण्याला गेली, हे निंबाजीने पाहिलं.

अर्धं शेत वाळलं. अर्धं वाचलं.

फाल्गुनात ते अर्धं पिकलं. धुरपताने विळा लावायच्या आदल्या दिवशी वेशीवर ओरडा झाला. फेटेवाला येतोय. तोच घोडा, तोच शेला, आणि त्याच्या मागे रिकाम्या बैलगाड्यांची रांग, धूळ उडवत.

रिकाम्या गाड्या म्हणजे काय? सोनं ठेवून जायला नाही, तर माती भरून न्यायला. गाव धावलं. प्रत्येकाने आपल्या शेतात जाऊन ढेकूळ उचललं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभं राहिलं, तळहात पुढं करून. म्हातारे, तरणे, पाटील सगळ्यांच्या पुढं. व्यापारी छत्रीखालून बघत होता. आता भाव कुठं जातो, या विचाराने त्याचेही पाय ठरत नव्हते.

फेटेवाल्याने घोडा थांबवला. त्या ढेकळांकडे पाहून तो बुचकळ्यात पडला. म्हणाला, "हे काय? तुमच्याकडं पाहुण्याला ढेकळं दाखवायची रीत आहे का?"

पाटील म्हणाला, "मालक, तुम्हीच तर माती नेलीत. घ्या. भाव तुमच्या मनाचा."

फेटेवाला खाली उतरला. "अहो, ती तर घटाला नेली."

तो पलीकडच्या मुलखातल्या राजाचा कोठारी होता. घरी आई म्हातारी. नवरात्र जवळ आलं होतं, आणि तिने सांगितलं होतं, वाटेत चांगलं शेत दिसलं तर घटासाठी मूठभर माती आण. त्यांच्या मुलखात घटाची माती आणताना बोलत नाहीत, मुक्याने आणतात. म्हणून त्याने ओठावर बोट ठेवलं होतं.

आता बघा. त्या गावातही घराघरांत घट बसत होते. दरसाल प्रत्येक बाई बांधावरून माती आणत होती. ज्यांच्या घरात देवासमोर धान्य उगवतं, त्या माणसांना एकदाही वाटलं नाही, की माती उगवायला नेली असेल.

कोठारी पुढं म्हणाला, "तुमच्या मातीत घट असा उगवला की आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडचा गहू औंदा तांबेरा रोग पडून गेला. आई म्हणाली, ज्या गावची माती अशी, तिथलं बी आण. मी बियाला आलोय. जमीन आम्हाला पुष्कळ आहे."

मग तो म्हणाला, बियाबरोबर त्या शेतातली थोडी मातीही आईने मागितली आहे. ते काळं शेत कुठलं?

पाटील पुढं झाला, पण पाय ओढत. कोठाऱ्याने शेतात वाकून हात घातला. मूठ वर आली तेव्हा तिच्यात मुरूम होता. त्याने हुंगला, पाटलाकडे पाहिलं आणि हात झटकला.

व्यापारी शहाणा. तो दुपारच्या आत तळ हलवून निघून गेला, छत्रीसकट, सोन्यासकट. त्याने खाल्लेलं धान्यही त्याच्याबरोबरच गेलं. तिन्हीसांजेपर्यंत भाव असा पडला की एका शेताला कोणी कोंबडीही दिली नसती. माणसं तशीच उभी होती. एकेकाच्या हातातलं ढेकूळ फुटून बोटांतून गळत होतं. शेतं उघडी. बैल विकलेले. बी दळून खाल्लेलं. पाट दगड-मातीने अडवलेला.

कोठाऱ्याला शेपटाचं शेत दिसलं. तो तिकडे चालत गेला. धुरपता बांधावर बसून विळ्याला धार लावत होती. त्याने एक ओंबी हातात चोळली, दाणे पाहिले आणि म्हणाला, सगळं घेतो, मागशील ते देतो.

गाव त्याच्या मागून येऊन उभं राहिलं होतं. कोणी काही मागितलं नाही. मागायला तोंड कुठं होतं?

धुरपता काही संत नव्हती. तिने गावाला चांगलं उभं ठेवलं. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्याने हसून गाळ नीट काढा म्हटलं होतं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग कोठाऱ्याला म्हणाली, "सगळं न्हाई. एका गाडीचा तळ झाकंल एवढं न्या, तुमच्या आईसाठी. बाकीच्या गाड्या रिकाम्याच ऱ्हानार. मंग त्यांना बैल कशाला पायजेत? गाड्यांसकट बैल हितं सोडून जा."

कोठारी हसला. त्याला सौदा महाग पडला होता, पण घरी आई होती आणि शेतं बियावाचून पडली होती. त्याने बैल सोडले.

मग ती गावाकडे वळली. "उरल्यालं बी मी वाटीन. घरटी ओंजळभर. भाव सांगते. दसऱ्याला बंधाऱ्यापासून माझ्या बांधापतोर पाट काढायचा, आन् पयली पाटी पाटलानं उचलायची."

पाटील म्हणाला, "उचलीन."

ते वर्ष कसं गेलं ते विचारू नका. कोणी परमुलखात मजुरीला गेलं, कोणी कंदमुळं खाल्ली, कोणी सासुरवाडीला पडून राहिलं आणि मेहुण्याचे टोमणे खाल्ले. पण दसऱ्याला सगळे परत आले. पाटलाने पहिली पाटी उचलली. पाणी शेपटापर्यंत गेलं. ओंजळ ओंजळ बी पेरलं. ओंजळीची पोती व्हायला आणखी काही हंगाम लागले, पण फड हिरवा झाला. बांधावर पुन्हा बोरी लावल्या. लोक पुन्हा रामराम करू लागले.

एकच शेत हिरवं झालं नाही. फडाच्या मधोमधलं, जिथली माती हुंगून एका माणसाने डोळे मिटले होते. पाटलाने तिथं पेरलं, पाणी दिलं, शेण टाकलं. मुरूम तो मुरूमच. त्याच्या नातवंडांनाही तिथं धड पीक दिसलं नाही.

एका नवरात्रात पाटलाच्या घरी घट बसायचा होता. पाटील स्वतः शेपटाच्या बांधावर आला. आपल्या शेतातली माती घटाला चालण्यासारखी राहिली नव्हती. ज्या तळहातावर त्याने विकायचं ढेकूळ धरलं होतं, तो तळहात त्याने पुढं केला. रिकामा.

"धुरपते, मूठभर माती दे."

धुरपताने वाकून एक ओलसर काळं ढेकूळ उचललं आणि त्याच्या हातावर ठेवलं.

"न्या. पन वाटेत कुनी इचारलं तर वटावर बोट ठिवू नका," ती म्हणाली. "घटाला नेतोय म्हणून मोठ्यानं सांगा. न्हाईतर पुन्यांदा गाव येडं व्हायचं."

आणि मुलांनो, मोठ्यांनो, गोष्ट एवढ्यासाठी सांगितली: जमिनीचा भाव कितीही चढो, शेवटी कोणाला तरी पेरावंच लागतं.